नाका म्हणणाऱ्या पोराचा मान

रुद्रेशला तिसरं वर्ष लागलं होतं. तोंडात शब्द बरेच आले होते, पण जीव ओतून म्हणायचा शब्द एकच, नाका, म्हणजे नको. न्हायला चल, नाका. सदरा घाल, नाका. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की हाच पोर सगळ्यांच्या आधी दारात. पावाचा गरम उंडो दोन्ही हातांत घट्ट धरायचा, आणि "खातलंस मरे, बाबू?" म्हणून विचारलं की मान हलवून म्हणायचा, नाका. उंडो मात्र सोडायचा नाही.

त्याची आजी सुमंगला यावर हसायची. पण यंदा कार्तिक जवळ आला तसं तिचं ते हसू आटत चाललं.

तुये गावातल्या त्यांच्या वाड्यावर देवीच्या देवळात दर कार्तिकात कीर्तनाचा सप्ताह होई आणि रोजची संध्याकाळ एकेका घराची असे. ज्या घराची संध्याकाळ, त्या घरी दुपारी कीर्तन करणाऱ्या हरदासांचं जेवण. आणि कीर्तनाचा पूर्वरंग संपून नामाचा गजर सुरू झाला की त्याच घराने हरदासांच्या गळ्यात हार घालायचा. हे काही जगावेगळं नाही. सुमंगलेच्या सासरची रीत एवढ्यापुरती वेगळी, की त्यांच्या घरचा हार मोठ्या माणसाने घालायचा नाही. आपल्या पायांनी चालणारं सर्वांत लहान पोर असेल, त्याने घालायचा. मधली कितीतरी वर्षं घरात लहान कोणी नव्हतं, तेव्हा हार देवीपुढच्या समईपाशी ठेवला जाई आणि हरदास आपल्या हातानेच तो उचलून घालत. दरवर्षी ते पाहताना सुमंगलेला जेवणात मीठ विसरल्यासारखं वाटे.

यंदा रुद्रेश चालत होता. चालत कसला, धावत होता.

सुमंगलेला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. चिपळ्यांचा पहिला ठोका पडला की गुडघे दुखायचे थांबतात, हे ती शपथेवर सांगायची. नवरा शंभू देवळात पेटीवर बसायचा, त्यामुळे घरात सुराला तोटा नव्हता. तोटा होता तो एकाच गोष्टीचा. मुलगा गौरेश देवळाच्या पायरीपर्यंतचाच राहिला. आईला मोटारसायकलवरून आणून सोडायचा, बाहेर पारावर मित्रांत बसायचा आणि आरती झाली की हॉर्न वाजवायचा. "आत येवन बस रे घडीभर," असं तिने किती वेळा म्हटलं असेल. तो म्हणायचा, "तू ऐक गो. मी आसंय हंय." चांगला मुलगा, कामाला तत्पर, आईबापाला जपणारा. पण आपल्यामागे या घरातलं कोणी त्या सतरंजीवर बसणार नाही, हे सुमंगलेच्या मनात सलत होतं. म्हणून तिची सगळी आस आता नातवावर होती. त्याने हार घालावा, त्याला ते आवडावं आणि त्याने पुन्हा देवळात यावं. दुसरं काही तिला नको होतं.

त्यांच्या घराची संध्याकाळ होती त्या दिवशी सकाळी तिने अंगणातली अबोली खुडली आणि झेंडूत गुंफून हार करायला बसली. रुद्रेश जवळ बसून फुलं कुस्करत होता. कुस्करून झालेली फुलं तो तिला नीट हातात देत होता, हेही खरं.

तेवढ्यात कमलाक्षी आली. ही शंभूची थोरली बहीण, नार्व्याला दिलेली. सगळं घर तिला अक्का म्हणे. म्हापशाला बस बदलून ती आली होती आणि बरोबर नातू अमोल होता, पाच वर्षांचा, रेशमी सदरा घातलेला. आल्या आल्या तो सोप्यावर बसला आणि मोबाईलमध्ये मान घालून गप्प झाला.

"पाठी लागलो हा बघ फुलांच्या," रुद्रेशकडे बघत अक्का म्हणाली. "बाबू, अक्काआजीक नमस्कार कर."

"नाका."

अक्काने सुमंगलेकडे पाहिलं. सुमंगलेने हाराकडे पाहिलं.

सून सुविधा तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत कामाला होती. आज रजा घेऊन स्वयंपाकात होती. हात पुसत ती बाहेर आली, अक्काच्या पाया पडली आणि मुलाजवळ खाली बसली. "नमस्कार नाका? बरां. मग आजीक फूल दितलंस?"

रुद्रेशने विचार केला, एक कुस्करलेला झेंडू उचलला आणि अक्काच्या मांडीवर टाकून पळून गेला.

"पोराक विचारतंस तू?" अक्का म्हणाली. "जेवतलंस मरे, न्हातलंस मरे, फूल दितलंस मरे. गो बाये, पोराक विचारून आमी चूल पेटवली असती तर सगळी उपाशी निजली असती."

"विचारल्यार ऐकता तो, अक्का. वेळ लागता इतकोच."

"वेळ." अक्काने तो शब्द तोंडात घोळवला. "आमच्याकडे वेळ खंय होतो? नार्व्याचां घर, दारात नदी. मी डोळे वटारले की पोरां उंबऱ्यात थांबत. भीती घातली नसती तर त्या पाण्यान एखादां नेलां असतां माझां."

अक्काने नदीकाठी चार पोरं वाढवली होती आणि चारही धडधाकट होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझां ऐक, सुमंगला," अक्का आवाज खाली आणून म्हणाली, "संध्याकाळी सगळ्या गावासमोर ह्या पोरान नाका म्हणून लोळण घेतल्यान तर? मी अमोलाक उगाच नाय आणूक. तोय आमच्याच घराण्यातलो. सांगल्यार करता."

सुमंगला म्हणाली, "बघू या, अक्का." आपल्या आवाजात खात्री नाही हे तिचं तिलाच ऐकू आलं.

दुपारी हरदास आले. कृष्णनाथबाब म्हणून सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ, आवाज अजून घंटेसारखा. भाताबरोबर मिश्र भाज्यांचं खतखतं वाढलं तेव्हा त्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि सुमंगलेला देवच जेवल्यासारखं वाटलं. जेवणानंतर ते आतल्या खोलीत आडवे झाले. त्यांची मोठी कापडी पिशवी बाहेर बाकाजवळ होती आणि तिच्यातून झांजेचा पितळी काठ दिसत होता.

तो काठ रुद्रेशला दिसायला किती वेळ लागणार? त्याने झांज ओढून काढली आणि जमिनीवर आपटली. नाद घरभर फिरला.

"ठेव ती," अक्का म्हणाली.

"नाका."

"ठेव म्हणतंय. हे हरदास नाका म्हणणारी पोरां ह्याच पिशवीत भरून नेतत. अशी बरीच नेली हत. संध्याकाळी तुकाय नेतले."

रुद्रेशने अक्काकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. झांज खाली ठेवली. मग भिंतीला पाठ लावून बसला तो तसाच.

अक्काचा चेहरा उजळला. "बघ, सुमंगला. कसो बसलो. एका वाक्यात. ह्याका म्हणतत वळण."

शेजारची विनिता ताक घेऊन आली होती, तीही म्हणाली, "काय गुणी झालो गो आज." सुमंगला पुढे झाली आणि म्हणाली, "बाबू, पाणी होया?" त्याने मान हलवली नाही. "उंडो होयो?" नाका म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. नुसते डोळे मोठे करून तो त्या पिशवीकडे बघत होता.

हे डोळे आपण कुठे पाहिलेत, असं सुमंगलेला वाटलं, आणि तिने मान वर केली. रुद्रेश बसला होता त्याच भिंतीवर गौरेशचा फोटो होता. तीन वर्षांचा गौरेश, हरदासांच्या गळ्यात हार घालताना. आल्यागेल्याला ती तो फोटो कौतुकाने दाखवत आली होती, बघा, रडला नाही, हलला नाही. फोटोतला गौरेश हरदासांकडे बघत नव्हता, हाराकडेही नाही. तो बाजूला बघत होता. बाजूला फोटोच्या कडेवर एका बाईचा हात आला होता, एक बोट वर केलेला. बांगड्यांवरून तो हात अक्काचा होता.

इतकी वर्षं तिला त्या फोटोत मान दिसला होता. आज भीती दिसली, आणि तिला पारावर बसून हॉर्न वाजवणारा आपला मुलगाही त्यात दिसला.

सुविधा बाहेर आली तेव्हा रुद्रेश तिच्या साडीत शिरला आणि पिशवीकडे बोट करून काहीतरी पुटपुटला. तिला कळायला वेळ लागला नाही. ती अक्काशी भांडली नाही. सुमंगलेला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाली, "आई, तो घाबरलो हा. असो घाबरलेलो मी तेका हार घालूक नेवचंय नाय. मान अमोलान घेतल्यान तरी चलात. तुमी रागावलात तरी चलात."

सासरच्या रितीला नाही म्हणणं हे रुद्रेशच्या नाका इतकं सोपं नसतं. सुमंगलेने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं की ह्या मुलीच्या जागी मी होते तेव्हा मला हे सुचलं नव्हतं.

"दी तेका हंय," ती म्हणाली, आणि नातवाला कडेवर घेऊन थेट बाहेर आली. कृष्णनाथबाब उठून चहाचा कोप हातात घेऊन बसले होते. अक्का समोरच होती.

"कृष्णनाथबाब," सुमंगला म्हणाली, "आमच्या घरात ह्या पोराक एक खोटां सांगलां गेलां. तुमी पोरां पिशवीत घालून नेता म्हणून. तां खोटां आसा, आणि तां खोटां म्हणून तेका कळाक होयां. ती पिशवी तेका दाखयतात?"

अक्काने ओठ घट्ट मिटले. मोठ्या माणसाच्या बोलण्याला पोरासमोर कोणी खोटं म्हणावं, असं या घरात पूर्वी झालं नव्हतं.

हरदास हसले नाहीत. त्यांनी कोप बाजूला ठेवला, पिशवी ओढली आणि एकेक वस्तू काढून बाकावर मांडायला लागले. धोतर. अंगरखा. उपरणं. पगडीचा गोल डबा. घशासाठी ज्येष्ठमध. मोबाईलचा चार्जर. मग पिशवी उलटी करून झटकली.

"पोर खंय आसा, बाबा? माका दिसना. तूच बघ."

रुद्रेश आजीच्या कडेवरून उतरला. लांबूनच वाकून त्याने पाहिलं. मग जवळ आला, पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि आत डोकं घातलं. आतून काहीतरी बोलला. बाहेर आला, सदऱ्याच्या खिशातून सकाळचा चावलेला उंड्याचा तुकडा काढला आणि पिशवीत टाकला.

"माका?" हरदासांनी विचारलं. "बरां. झांज वाजयतंस मरे आता?"

"नाका," रुद्रेश म्हणाला, ठणठणीत आवाजात, आणि झांज उचलून वाजवायला लागला.

सुमंगलेला त्या घडीला तो शब्द हरिनामासारखा गोड लागला. स्वयंपाकघराच्या दारात सुविधा पदराने डोळे पुसत उभी होती.

"नदीची भीती खरी होती गो," अक्का थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"खरी होती, अक्का," सुविधा म्हणाली. "म्हणून तर तुमची पोरां थांबली. नदी मी पण तेका दाखयतलंय."

अक्काने अमोलच्या सदऱ्याची बटणं मात्र पुन्हा एकदा नीट लावली. तिचा भरवसा अजून तिथेच होता.

देवळात जायच्या आधी सुविधाने मुलाला सगळं सांगितलं. माणसं खूप असतील. आजोबा पेटी वाजवतील. मोठा आवाज होईल. मग हार. घालायचा असेल तर घाल, नसेल तर आजी समईपाशी ठेवेल. गौरेश मोटारसायकल पुसत हे ऐकत होता. पायरीपाशी आल्यावर, चपला काढताना, तो सुविधाला म्हणाला, "गर्दीत तुका हो सांभाळूक जावचो नाय. मी घेतंय तेका." आणि मुलाला खांद्यावर घेऊन आत गेला. सुमंगलेने हे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. काही गोष्टींकडे बघितलं की त्या बुजतात.

कृष्णनाथबाब उभे राहिले. पूर्वरंग असा रंगला की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना एका तालात डोलायला लागल्या. मग नामाचा गजर. टाळ्या, तबला, पेटी. सुमंगला हाराचं तबक घेऊन उठली. गौरेश मुलाला घेऊन पुढे आला आणि त्याने त्याला खाली उतरवलं.

सुविधा त्याच्या कानाशी वाकली. "हार घालूया?"

"नाका."

आसपासच्या चार बायकांनी ते ऐकलं. गजर चालू होता. अक्काने अमोलला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. "जा रे. घाल." अमोलचे हात तबकाकडे आले. शहाणा, आज्ञाधारक पोर.

"अक्का, रव," सुमंगला म्हणाली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने अक्काला थांब म्हटलेलं नव्हतं. आज म्हटलं, सगळ्या सभेसमोर. "वाट बघू या आमी. तेका वेळ लागता."

गजर थांबवायचा असला की हरदास उजवा हात वर करतात. वाजवणारे त्या हाताकडेच बघत असतात. शंभूही बघत होता. तो हात वर गेला नाही. हरदासांनी नाम पुन्हा धरलं. तबलजीने एक आवर्तन आणखी घेतलं, मग आणखी एक. सगळी सभा टाळ्या वाजवत एका अडीच वर्षांच्या पोरासाठी थांबली होती.

रुद्रेश चालायला लागला, पण हाराकडे नाही. हरदासांच्या मागे खांबाशी त्यांची पिशवी होती, तिकडे. तिचं तोंड फाकवून त्याने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खात्री झाल्यासारखा परत फिरला, आजीपाशी आला आणि तबकातला हार ओढला. हार त्याच्यापेक्षा लांब. अर्धी अबोली जमिनीवर लोळत होती. हरदास दोन्ही गुडघ्यांवर खाली बसले. त्याने हार वर फेकला. तो पगडीच्या एका कोपऱ्यात अडकला आणि कानावरून लोंबायला लागला.

कोणीतरी तो नीट करायला पुढे झालं. हरदासांनी मानेनेच नाही म्हटलं आणि तसेच उभे राहिले. मग त्यांचा उजवा हात वर गेला. गजर थांबला. हरदास बुक्क्याचं बोट पुढे करून वाकले. "लावू?"

"नाका."

"बरां तर," असं म्हणत हरदासांनी तो बुक्का त्याच्या बापाच्या कपाळी लावला. गौरेशने डोळे मिटून घेतले होते.

उत्तररंगाचं आख्यान जुनंच होतं, सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं. दैत्यांचा राजा, आणि त्याच्या दरबारात उभं राहून त्यालाच नाही म्हणणारं त्याचं लहानसं पोर. नाम सोड म्हटलं, सोडलं नाही. कड्यावरून लोटलं, आगीत बसवलं, तरी नाही. कृष्णनाथबाब कानावर हार तसाच लोंबता ठेवून सांगत होते, "लोकहो, हे पोर कीर्तनात आलं की आपण हात जोडतो. आपल्या अंगणात आलं तर काय करतो, ते ज्याचं त्याने आठवावं." सभेत हशा पिकला आणि लगेच विरला.

मग आवाज चढला. राजाने खांबाकडे तलवार रोखली. "शेवटचं विचारतो, म्हणाला. माझं ऐकतोस की नाही? आणि तो बाळ काय म्हणाला?"

त्यांनी क्षणभर विराम घेतला. त्या शांततेत सुमंगलेच्या शेजारून आवाज आला. "नाका म्हणालो."

अक्का होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आपण बोललो हे तिला कळलंही नसावं. आख्यानात शिरलं की अक्का अशी वाहून जाई. दोघी नणंद-भावजयांत तेवढं एक सारखं होतं. सुमंगलेने तिचा हात हातात घेतला. अक्काने तो काढून घेतला नाही.

आरती होईपर्यंत रुद्रेश बापाच्या खांद्यावर झोपला होता. गौरेश खांबाला टेकून सतरंजीवर बसला होता, मांडी घालून, कपाळावर बुक्का. तो शेवटपर्यंत बसला होता. झोपलेल्या पोरामुळे उठता आलं नसेल, असंही कोणी म्हणू शकेल. सुमंगलेने तसं म्हटलं नाही.

बाहेर चपला शोधताना विनिताने अक्काला विचारलं, "पिशवीत कित्याक बघी होतो गो तो?"

"बघतलोच," अक्का म्हणाली, आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. "आमच्या घराण्यातलो पोर तो. कोणी सांगल्यार विश्वास ठेवीत नाय. आपल्या डोळ्यांनी बघता." मग सुविधाकडे वळून, जरा चाचरत, "झोपेत थंडी लागात तेका. माझी शाल घे."

सुविधाने शाल घेतली आणि मुलाभोवती गुंडाळली. हरदास पायऱ्या उतरत होते. त्यांना थांबवून सुमंगला म्हणाली, "कृष्णनाथबाब, ही माझी सून, सुविधा." एवढंच म्हणाली. पण ज्या आवाजात ती दरवर्षी देवीची ओटी भरली असं सांगते, त्या आवाजात म्हणाली.

मोटारसायकलपाशी गौरेश किल्ली हातात घेऊन उभा राहिला. सुरू करायच्या आधी त्याने विचारलं, "आई, उद्याचां आख्यान कुठलां?"

सुमंगलेने ते सांगितलं, पण मान न वळवता, देवळाच्या दिव्यांकडे बघत. चेहरा तिला त्याला दाखवायचा नव्हता.